कळ येणे आणि कळ काढणे

पंचविसेक वर्षांपूर्वी आईला अंगदुखीने धरले. मान, खांदे, मांड्या. रोज जागा बदलणारे दुखणे. रक्ताचे सगळे अहवाल ठीक आले, एक्स-रेत काही निघाले नाही. 'व्यायाम करा, अंग मोकळे होईल,' असा सल्ला मिळाला आणि ती एका ठिकाणी व्यायामाला जाऊ लागली. परत यायची ती भिंतीला धरून. "अरे, कष्टाने अंगाला रग लागते, ती मला ठाऊक आहे," ती म्हणे. "जन्मभर विहिरीचं पाणी शेंदलंय मी. ही रग नव्हे, कळ आहे." मी तेव्हा रोज पहाटे पळायला जात असे. पळून आल्यावर अंगात येणारा हलकेपणा मला माहीत होता. मी तिला सांगायचो, "आई, जरा कळ काढ. होईल सवय."

व्यायामाने वेदना बोथट होते, ही समजूत मी कुठून उचलली होती? ती कोणाच्या शरीरावर मोजून ठरली होती? हा प्रश्न मला पुढे अनेक वर्षे जुन्या वैद्यकीय नियतकालिकांतून फिरवत राहिला. त्या शोधाची ही हकिगत.

मराठीत कळ 'येते' आणि कळ 'काढावी' लागते. पहिली गोष्ट आपोआप घडते, दुसरी माणूस करतो. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांनाही हेच दोन भाग करावे लागले: वेदना जाणवू लागते तो उंबरठा, आणि ती असह्य होईपर्यंत माणूस टिकतो ती सहनशक्ती.

उंबरठा मोजण्याचा एक गाजलेला प्रयत्न १९४० सालचा. न्यूयॉर्कमध्ये जेम्स हार्डी, हॅरॉल्ड वुल्फ आणि हेलन गुडेल या तिघांनी 'डोलोरीमीटर' नावाचे उपकरण वापरले. कपाळाचा एक ठिपका काळा करायचा, दिव्याची उष्णता भिंगातून त्यावर तीन सेकंद सोडायची आणि हळूहळू वाढवत न्यायची. टोचल्यासारखे वाटले की तो उंबरठा. हे प्रयोग त्यांनी स्वतःवरच करून घेतले. सगळ्या माणसांत हा उंबरठा जवळपास सारखाच असतो, असे त्यांचे म्हणणे होते.

त्याच सुमारास दुसरे महायुद्ध सुरू होते. हेन्री बीचर हा अमेरिकी डॉक्टर आघाडीवरच्या इस्पितळांत जखमी सैनिकांना भेटत होता. १९४६ साली त्याने २१५ गंभीर जखमींची पाहणी छापली. वेदनेवर काहीतरी उपाय करा, असे वाटण्याइतके दुखते आहे, असे सांगणारे त्यांत जेमतेम चौथा हिस्सा होते. जखम मोठी म्हणजे वेदना मोठी, हे गणित तिथे जुळत नव्हते. प्रयोगशाळेत लावलेला चटका आणि आयुष्यात भोगलेले दुखणे यांना एका मापाने मोजता येत नाही, असे बीचर पुढे सांगत राहिला.

व्यायाम या कथेत ठळकपणे शिरतो तो १९६६ साली. रायन आणि कोव्हासिक या संशोधकांनी तरुणांचे तीन गट केले: अंगाला अंग भिडवून खेळणारे, टेनिस-गोल्फसारखे न भिडता खेळणारे आणि न खेळणारे. नडगीच्या हाडावर फुटबॉलच्या बुटाचा खिळा ठेवून दाब वाढवत नेला. दुखायला लागण्याचा उंबरठा तिन्ही गटांत साधारण सारखाच निघाला. सहनशक्तीत मात्र मोठा फरक होता. भिडणारे खेळाडू सर्वांत जास्त टिकले, न खेळणारे सर्वांत कमी. म्हणजे कळ सगळ्यांना सारखीच आली, पण ती काढण्यात खेळाडू पुढे होते.

आता दुसरा प्रश्न येतो. सोशिक माणसे मैदानाकडे वळतात, की मैदान माणसाला सोशिक करते? १९८१ साली स्कॉटलंडमध्ये स्कॉट आणि गिज्सबर्स यांनी स्पर्धेत पोहणाऱ्यांची परीक्षा घेतली. दंडाला पट्टा आवळून रक्तपुरवठा थांबवायचा आणि असह्य होईपर्यंत मुठीची उघडझाप करायची. राष्ट्रीय पातळीचे जलतरणपटू सर्वांत जास्त टिकले. त्यांची सहनशक्ती वर्षभर एकसारखीही नव्हती. सराव ऐन भरात असताना ती वाढे, सराव नसलेल्या काळात उतरे. पुढे २०१४ साली ऑस्ट्रेलियात साध्या, खेळाडू नसलेल्या लोकांकडून सहा आठवडे सायकलचा व्यायाम करून घेतला गेला. त्यांचीही सहनशक्ती वाढली, उंबरठा मात्र हलला नाही.

मग पळून आल्यावर मला वाटणाऱ्या हलकेपणाचे काय? तो तर तासाभरातच येतो आणि जातो. त्याचे उत्तर १९७० च्या दशकात सापडले असे वाटले. १९७३ मध्ये मेंदूत अफूजन्य द्रव्यांना धरून ठेवणाऱ्या जागा सापडल्या. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्याच ॲबरडीन येथे ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी मेंदू स्वतःच बनवत असलेली तशी द्रव्ये ओळखली. शरीराच्या या घरच्या अफूला पुढे 'एंडॉर्फिन' हे नाव रूढ झाले. पाश्चात्त्य देशांत तेव्हा पळण्याचे वेड पसरले होते. १९७९ साली ऑस्ट्रेलियातील वैद्यकीय नियतकालिकात लांब पल्ल्याच्या धावपटूच्या वेदनाशून्यतेवर एक लेख आला आणि दोन्ही धागे जुळले. पळा, एंडॉर्फिन सुटेल, दुखणे जाईल. गोष्ट सोपी होती, म्हणून जगभर गेली आणि माझ्यापर्यंतही आली.

पडताळा घेण्याचा मार्ग होता. अफूचा परिणाम पुसणारे नॅलोक्सोन नावाचे औषध द्यायचे. हलकेपणा एंडॉर्फिनचा असेल तर तो त्याने नाहीसा व्हायला हवा. १९८० च्या दशकातल्या प्रयोगांत कधी तो नाहीसा झाला, कधी झालाच नाही. घरची अफू हे एक कारण होते, एकमेव नव्हते. २००३ साली पळणाऱ्या आणि सायकल चालवणाऱ्या तरुणांच्या रक्तात, शरीर स्वतः बनवते त्या भांगेच्या जातीचे एक द्रव्य वाढलेले आढळले. एका द्रव्याची गोष्ट तिथे मोडली.

व्यायामाचे प्रकार वेगळे करून पाहिल्यावर चित्र आणखी बदलले. पळणे किंवा सायकल यांचा परिणाम बऱ्यापैकी दमछाक झाल्यावरच नीट दिसे. वजने उचलण्याचा परिणाम अल्पजीवी ठरला. १९९८ च्या एका प्रयोगात तो पाच मिनिटांनी दिसला आणि पंधरा मिनिटांनी ओसरला. सर्वांत जोमदार निघाला तो न हलता ताण धरण्याचा व्यायाम, हात किंवा पाय एका जागी आवळून धरण्याचा. त्यातही नवल असे की, पूर्ण जोर लावण्यापेक्षा पाव जोर लावून तो थकेपर्यंत धरून ठेवणे अधिक गुणकारी ठरले. २००८ साली कोपर वाकवणाऱ्या स्नायूंवर हे मोजले गेले. म्हणजे इथे जोरापेक्षा धीर कामी आला.

पण ही सगळी मापे निरोगी माणसांची होती. सैनिक, धावपटू, पोहणारे, महाविद्यालयीन तरुण. ज्यांचे अंग आधीच दुखते आहे, त्यांचे काय?

याचे उत्तर मला एका १९९६ सालच्या निबंधात मिळाले. स्वीडनमध्ये इव्हा कोसेक आणि सहकाऱ्यांनी मांडीचा स्नायू आवळून धरायला लावून, तो आवळलेला असतानाच त्यावरचा दाब-उंबरठा मोजला. निरोगी माणसांत उंबरठा वर गेला. फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दुखण्याचा जुनाट आजार असलेल्यांत तो खाली आला. व्यायाम तोच, स्नायू तोच, आणि परिणाम उलटा. २०१० साली कोसेक आणि लानेर्स्टेन यांनी पुढची पायरी गाठली. ज्यांचा फक्त खांदा दुखतो, त्यांनी खांदा आवळला तर आराम पडेना, पण न दुखणारी मांडी आवळली तर उंबरठा वाढला. अंगभर दुखणाऱ्यांना मात्र खांद्यानेही आराम नाही आणि मांडीनेही नाही.

याचा अर्थ अशा रुग्णांनी अंथरूण धरावे असा नाही. युरोपातील तज्ज्ञांनी फायब्रोमायल्जियाच्या सगळ्या उपायांत सर्वांत ठाम शिफारस व्यायामाचीच केली आहे. मात्र थोड्यापासून सुरुवात हवी, वाढ हळू हवी, आणि रोग्याचे ऐकून हवी. पहिल्या दिवशी दुखणे वाढले, तर तो आळस किंवा कांगावा नसतो. त्या शरीरात वेदना दाबणारी यंत्रणाच वेगळी वागत असते.

२०२३ साली नॉर्वेतील ट्रॉम्सो येथील १०,७३२ लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीन अंश सेल्सिअसच्या पाण्यात हात किती वेळ ठेवता येतो, हे मोजले होते. हालचाल जास्त करणारे जास्त टिकले. बातमी मी वाचली, आनंदही झाला. पण लगेच लक्षात आले, की हेही मोजमाप कळ काढण्याचेच आहे.

आईला नेमका कोणता आजार होता, हे मी सांगू शकत नाही. तिचे निदान कोणी केले नाही, आणि आता ती नाही. कोसेकचा निबंध छापून आला तेव्हा ती हिंडती-फिरती होती. तो माझ्या हाती पडला तिच्यानंतर. पण रग वेगळी आणि कळ वेगळी, हे तिने मला कुठल्याही उपकरणाशिवाय सांगितले होते. कळ येते आहे, असे ती सांगत होती आणि मी तिला ती काढायला सांगत होतो. दोघे एकच शब्द वापरत होतो, म्हणून आपण तिचे ऐकतो आहोत, असे मला वाटत राहिले.