बंडीचा आंस आणि मोटारीची कमान

चाकाचा शोध मनुष्याला फार लवकर लागला. चाकाला बसलेला धक्का शोषून घेण्याची कला मात्र त्याला पुष्कळ उशिरा साधली. हा इतिहास वणीच्या वाटांवर चांगला उमगतो. 1905 पर्यंत आजच्या यवतमाळ जिल्ह्याला याच गांवाचें नांव होतें. निर्गुडा नदीच्या कांठचा हा मुलूख काळ्या मातीचा, कापसाचा आणि दगडी कोळशाचा. ही माती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. म्हणून तिच्यावरचा रस्ता फार दिवस सपाट राहत नाहीं. जुनी बंडी या वाटेनें जाई तेव्हां आंस आणि साटी यांच्यामध्यें कांहींच नसे. कापसाला त्याचें दुःख नव्हतें. आजाऱ्याला तो धक्का हाडांपर्यंत पोहोंचे.

या दुःखावरील उपाय पोलादाच्या अंगीं होता. स्प्रिंगचा ताण भाराच्या प्रमाणांत वाढतो, हा नियम रॉबर्ट हूक यानें 1678 मध्यें प्रसिद्ध केला. पुढें 1804 मध्यें ओबादाया इलियट या इंग्रज कारागिरानें पाट्यांच्या लंबवर्तुळाकृति कमानींवर गाडी टेकविण्याचें पेटंट घेतलें. पाट्यांची कमान तीन कामें करते. ती भार पेलते, पाट्यांच्या घर्षणानें हेलकावा कांहींसा आवरते आणि आंसाला जागच्या जागीं धरून ठेवते. वेटोळ्यांची स्प्रिंग केवळ भार पेलते. तिचा हेलकावा थांबविण्यास शॉक ॲब्सॉर्बर लागतो. त्यांतील तेल बारीक छिद्रांतून ढकललें जातें आणि गतीची उष्णता होते.

मुंबईंत कुर्ल्याच्या कारखान्यांत 1964 पासून तयार होऊं लागलेली फियाट, म्हणजेच पुढील काळांतील प्रीमियर पद्मिनी, या दोन युगांच्या सीमेवर उभी आहे. तिच्या पुढच्या चाकांस वेटोळ्यांची स्प्रिंग, तर मागील आंसाखालीं पाट्यांची कमान. 1983 मध्यें आलेल्या मारुति 800 च्या पुढील चाकांना स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बर एकाच खांबांत मिळाले. तीच जोडणी आट्यांच्या नळीवर बसविली, म्हणजे कॉइलओव्हर तयार होतो. नळीवरील कडें फिरवून गाडीची उंची कमीजास्त करतां येते.

जुन्या गाडीला हा नवा भाग बसविण्याचा मोह स्वाभाविक आहे. पण येथें इतिहास विसरून चालत नाहीं. मागचे पाटे काढले कीं आंसाला धरणारा आधारहि जातो. त्याच्या जागीं स्वतंत्र दांडे बसवावे लागतात. शिवाय, ज्या कंसानें आजवर केवळ हेलकावा आवरला, त्याच्यावर आतां गाडीचा सारा भार पडतो. पन्नास वर्षांचा गंजलेला पत्रा तेथें फाटतो. गाडी फार खालीं आणली तर स्प्रिंगला दबण्यास वाव उरत नाहीं आणि खड्ड्यांतील धक्का, बंडींत बसे तसाच, सरळ अंगावर येतो.

निर्मात्याच्या मूळ रचनेशीं विसंगत असा फेरफार वाहनांत करतां येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी 2019 मध्यें सांगितलें. त्या निर्णयामागील शहाणपण कायद्याहून जुनें आहे. धक्का नाहींसा होत नसतो. तो कोणीतरी सोसावाच लागतो. तो कोणी सोसावा हें ठरविणें, हाच कमानीचा सारा इतिहास होय.