होल्याची शिकार आणि नवशिक्याची बंदूक
(भीमाकाठच्या शस्त्रजीवनाचा अल्प इतिहास)

इतिहास म्हटला म्हणजे किल्ले, लढाया आणि तहनामे एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु सामान्य मनुष्याच्या हातातील साधनालाही इतिहास असतो. डाळज, भिगवण या भीमाकाठच्या गावांत पूर्वी होल्यांची शिकार होत असे, आणि नवशिक्या तरुणाच्या हाती पहिली बंदूक कोणती द्यावी, याचा विचार जाणती माणसे करीत. हा विचार वरवर क्षुल्लक दिसला, तरी त्यात आपल्या रामोशी समाजाच्या मानापमानाचा इतिहास गुंतलेला आहे. म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांपुढे तो मांडण्याचे योजिले आहे.

होला अथवा कवडा हा पक्षी इंदापूर तालुक्याच्या कोरडवाहू मुलखाचा जुना रहिवासी होय. ठिपक्यांचा होला, गळ्याशी काळी रेघ असलेला कंठी होला, लहान तपकिरी होला आणि विटकरी रंगाचा लाल होला असे त्याचे प्रकार आपल्याकडे आढळतात. ज्वारी-बाजरीचे सांडलेले दाणे व तणांचे बी हे त्याचे मुख्य अन्न. कोरडे दाणे खाणाऱ्या या पक्ष्याला पाणी नित्य लागते; म्हणून तो सकाळी खळ्यावर व रानात आणि सायंकाळी पाणवठ्यावर हमखास येतो. शिकाऱ्याने त्याची हीच सवय हेरली.

बंदुकीच्या फार पूर्वीपासून पारधी बांधव फाशांनी व जाळ्यांनी पक्षी धरीत आले. आपल्या समाजाचे काम वेगळे होते. गावाची व किल्ल्याची रखवाली हा आपला पिढीजात व्यवसाय. पुरंदरच्या बंदोबस्तात आपले पूर्वज होते. त्यांच्याकडे तोड्याची बंदूक असे. जळती वात दारूच्या कानाशी नेऊन ती उडवावी लागे. चाप ओढणे आणि बार उडणे यांत क्षणाचे अंतर पडे. म्हणून उडत्या होल्यावर ती जवळजवळ निरुपयोगी होती. पुढे चकमकीची आणि त्यानंतर टोपीची बंदूक आली. १८०७ साली फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश धर्मोपदेशकाने आघाताने पेट घेणाऱ्या दारूचा एकाधिकार मिळविला. त्याला पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता, आणि चकमकीची ठिणगी पाहून पक्षी सावध होतात ही त्याची अडचण होती. यापुढे चाप ओढताच बार उडू लागला. उडत्या पक्ष्याची शिकार खऱ्या अर्थाने येथून सुलभ झाली.

परंतु साधन सुधारत असतानाच आपल्या हातांतून ते निसटत होते. भिवडीचे आद्यक्रांतिकारक राजे उमाजी नाईक यांना ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यास फाशी देण्यात आले. १८७१ च्या कायद्याने देशातील अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. १८७८ साली लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा झाला; हिंदी माणसाला परवान्याखेरीज बंदूक बाळगणे गुन्हा ठरले, आणि गोऱ्या लोकांना मात्र त्यातून सूट मिळाली. लगेच पुढच्या वर्षी, १८७९ साली, वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडात दौलतराव नाईक व आपले अनेक बांधव उभे राहिले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. राष्ट्रसभेच्या आरंभीच्या अधिवेशनांतही या कायद्याविरुद्ध ठराव झाले. असो.

यानंतर परवान्याची बंदूक ही प्रतिष्ठेची वस्तू बनली. काडतुसाची दोननळी इनामदार, पाटील व सरकारी अंमलदार यांच्या घरी आली. सामान्य शेतकऱ्याकडे फार तर पीकराखणीची ठासणीची बंदूक राही. नवशिक्याने बंदूक कशी निवडावी, याचे शास्त्र याच काळात पक्के झाले. ते थोडक्यात असे.

बंदुकीचा 'बोअर' हा आकडा उलटा असतो. नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घेतली असता एका पौंडात जितक्या गोळ्या भरतील, तितका तिचा बोअर. म्हणून बाराबोराची नळी मोठी (सुमारे १८.५ मिलिमीटर) आणि वीसबोराची लहान (सुमारे १५.६ मिलिमीटर). 'चारशेदहा' मात्र बोअर नव्हे. तो इंचाच्या सहस्रांशांतील व्यास आहे. हलकी म्हणून ही बंदूक मुलाच्या हाती देण्याचा मोह होतो, पण तिच्यात छरे थोडे मावतात, त्यांचा फैलाव विरळ पडतो आणि चपळ होला त्यातून निसटतो. ती खरे तर कसलेल्या नेमबाजाची बंदूक होय. वीसबोर वजनाला हलकी, तिचा धक्का सौम्य, आणि सुमारे पाऊण ते एक औंस छरे होल्याला पुरेसे. म्हणून सडपातळ नवशिक्याला ती उत्तम. तथापि खेड्यापाड्यांत काडतुसे सहज मिळत ती बाराबोराची. बंदूक कितीही सोयीची असली, तरी काडतूस न मिळाल्यास ती काठीच. म्हणून आपल्याकडे व्यवहारात बाराबोरच टिकली.

दुसरी गोष्ट नळीच्या तोंडाची. १८७० नंतर इंग्लंडात ग्रीनर यांनी नळीचे तोंड किंचित आवळून छरे दूरवर एकत्र ठेवण्याची रीत रूढ केली. होला २५-३० वारांवर मारायचा असल्याने नवशिक्याला मोकळ्या तोंडाची नळीच बरी. आवळ नळीने एकतर नेम चुकतो, नाहीतर पक्ष्याच्या चिंधड्या होतात. छरे बारीक, सात किंवा आठ नंबरचे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट दस्त्याची. बंदूक खांद्याला लावताच डोळा आपोआप माशीच्या रेषेत आला पाहिजे. लांब दस्ता काखेत अडकतो, आखूड दस्ता गालाला मार देतो. दुसऱ्याच्या मापाची बंदूक ही दुसऱ्याच्या मापाच्या वहाणेसारखीच.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द होऊन आपण 'विमुक्त' झालो. १९५९ चा नवा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्यात संरक्षण वा शिकारीसाठी किमान वीस इंच नळीची बंदूक आणि पीकराखणीसाठी ठासणीची बंदूक यांची स्पष्ट तरतूद झाली. १८६९ साली स्थापन झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून बाराबोराची देशी काडतुसेही बाहेर पडू लागली. बंदूक सुलभ झाली. पण पक्षी व श्वापदे घटली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात लहान शिकारीचा परवाना ठेवला होता, तोही १९९१ च्या दुरुस्तीने गेला. आता होला बंदुकीने मारा, हवाबंदुकीने मारा वा गलोलीने मारा, तो गुन्हाच होय.

हे आपल्या तरुणांना विशेष करून सांगणे प्राप्त आहे. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले आणि भीमेच्या फुगवट्यावर देशोदेशीचे पक्षी उतरू लागले. हाती हवाबंदूक आली म्हणजे मन मोहात पडते. परंतु ज्या समाजावरील शिक्का पुसला जाऊन अद्याप शतकही लोटले नाही, त्याच्या मुलाच्या हातून घडलेला लहानसा अपराधही संशयी डोळ्यांना मोठा दिसतो. एका मुलाची गंमत साऱ्या वस्तीला चौकीत उभी करू शकते.

तरुणपणीची बंदूक सत्कारणीही लागू शकते. मुंबईच्या सलीम अली नामक मुलाने १९०८ च्या सुमारास हवाबंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून त्याला जिज्ञासा झाली. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले, आणि पुढे तोच मुलगा भारताचा थोर पक्षिशास्त्रज्ञ झाला. पक्षी मारण्यासाठी जी नजर लागते, तीच तो ओळखण्यासाठीही लागते.

आपले पूर्वज रखवालदार होते. गावाची, किल्ल्याची, पिकांची त्यांनी राखण केली. ती नजर अजून आपल्या रक्तात आहे. भीमाकाठच्या पाखरांची राखण आता आपल्या मुलांनी पत्करावी, नवशिक्याच्या हाती दुर्बीण द्यावी आणि नेमबाजीची आवड असेल त्याने ती कायदेशीर नेमबाजी केंद्रात लक्ष्यफलकावर पुरवावी, अशी समाजबांधवांना नम्र विनंती आहे.