वयोगट क्रीडास्पर्धांतील संप्रेरक उपचार

वयोगट क्रीडास्पर्धांतील संप्रेरक उपचार हा क्रीडानीतिशास्त्रातील एक वादविषय आहे. जागतिक मास्टर्स ॲथलेटिक्समध्ये वयाच्या ३५ व्या वर्षापासून पाच-पाच वर्षांचे गट असतात. वयानुसार शक्ती घटते, हे गृहीत धरूनच हे गट पाडलेले आहेत. त्यामुळे ती घट औषधाने भरून काढणे हा उपचार की गैरफायदा, असा प्रश्न उद्भवतो.

जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या (वाडा) यादीनुसार टेस्टोस्टेरॉन स्पर्धेत व स्पर्धेबाहेरही निषिद्ध आहे. वृषण किंवा पोष ग्रंथीच्या विकारामुळे ते कमी पडत असल्यास उपचारार्थ सवलत मिळू शकते, केवळ वाढत्या वयामुळे झालेल्या घटीसाठी नाही. ही रेषा वैद्यकापेक्षा खेळाच्या उद्देशाला धरून आखलेली आहे. परिणामी डॉक्टरांनी रीतसर लिहून दिलेले औषधही खेळाडूला दोषी ठरवू शकते. रजोनिवृत्तीनंतर दिले जाणारे इस्ट्रोजेन यादीत नाही. त्याच तक्रारींवरील टिबोलोन मात्र आहे. मधुमेही खेळाडूला इन्सुलिनसाठीही सवलत घ्यावी लागते.

मास्टर्स खेळ आरोग्यासाठी असल्याने उपचार नाकारणे अन्यायाचे आहे, असे काही जण मानतात. मात्र त्याची किंमत औषध न घेणारा प्रतिस्पर्धी मोजतो, हा आक्षेप अधिक वजनदार आहे.

भारतात राष्ट्रीय उत्तेजकविरोधी अधिनियम, २०२२ अन्वये हे काम राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था (नाडा) पाहते. जळगाव किंवा धुळ्यातील पन्नाशीच्या हौशी धावपटूची चाचणी झाल्यास त्याला नमुना दिल्यानंतरही सवलतीचा अर्ज करता येतो. हौशी गणल्या गेलेल्या दोषी खेळाडूचे नाव जाहीर करणे वाडाच्या संहितेनुसार बंधनकारक नाही.