फ्रँकलिनची शेगडी

मंडळी, थंडगार कामाची खोली पटकन तापवायची कशी, या प्रश्नामागे एक नैतिक गोष्ट आहे. अठराव्या शतकातल्या फिलाडेल्फियात भिंतीतल्या आगीची बहुतेक ऊब धुराड्यातून निघून जायची. शिवाय तीच आग फटींतून गार वारा आत ओढायची. पुढून भाजायचं, पाठीमागून काकडायचं! बेंजामिन फ्रँकलिन या मुद्रकानं ओतीव लोखंडाची शेगडी बनवली. लोखंड लवकर तापतं. गरम धूर पोकळ पेटीभोवती फिरवायचा आणि पेटीत तापलेली हवा खोलीत सोडायची.

१७४४ मध्ये त्यानं तिची पुस्तिका छापली. गव्हर्नरनं पेटंट देऊ केलं, त्यानं नाकारलं. आपण इतरांच्या शोधांचा लाभ घेतो, तर आपलाही शोध मोकळेपणानं द्यावा, ही त्याची भूमिका. पुढे लंडनच्या एका लोखंड-व्यापाऱ्यानं किरकोळ फेरफार करून पेटंट घेतलं, पैसाही कमावला. फ्रँकलिन भांडत बसला नाही. लाकूड मात्र कितीतरी घरांचं वाचलं. आता सांगा, नुकसान नेमकं कोणाचं झालं?