एक नाव, दोन धनी

श्रोतेहो, सुटीच्या दिवसांत घरात चार मुले जमली की कोडी सुरू होतात. अशा बैठकीत घालण्याजोगे एक कोडे आज तुम्हांला घालतो. बाजीराव बल्लाळ आणि बाळाजी बाजीराव : या दोघांत बाप कोण आणि लेक कोण? चटकन उत्तर देऊ नका. घाई करणारा इथे हमखास फसतो.

कोड्याची किल्ली अगदी साधी आहे. पेशवाईच्या कागदांत पहिला शब्द माणसाचा आणि दुसरा त्याच्या बापाचा. बल्लाळ म्हणजे बाळाजीच. तेव्हा बाजीराव बल्लाळ हे बाळाजी विश्वनाथांचे चिरंजीव, म्हणजे थोरले बाजीराव. आणि बाळाजी बाजीराव हे त्या बाजीरावांचे चिरंजीव, ज्यांना आपण नानासाहेब म्हणतो. आजोबा बाळाजी, नातूही बाळाजी. मधे बाजीराव!

हीच किल्ली पुढच्या कुलपालाही लागते. रघुनाथ बाजीराव म्हणजे राघोबादादा, थोरल्या बाजीरावांचे पुत्र. आणि बाजीराव रघुनाथ म्हणजे दादांचे पुत्र, शेवटचे पेशवे. इथेही नातवाने आजोबांचे नाव उचलले. आता सांगा, एक पूर्णांक एक चतुर्थांश पेशवा कोणता? सवाई माधवराव! सवाई म्हणजे सव्वापट. 1773 साली नारायणरावांचा खून झाला, त्यानंतर 1774 साली त्यांना हा मुलगा झाला. चुलते थोरले माधवराव 1772 सालीच वारले होते. त्यांचे नाव पुतण्याला मिळाले आणि वर 'सवाई'चा मान चढला. कागदात मात्र ते माधवराव नारायण, आणि चुलते माधवराव बल्लाळ.

टोपणनावांचा घोटाळा याहून मोठा. नानासाहेब पेशवे आणि नाना फडणीस यांची नावे शाळकरी मुलगाही वेगळी ओळखतो. पण नाना फडणीसांचे पाळण्यातले नाव काय? तेही बाळाजीच : बाळाजी जनार्दन भानू. म्हणजे दोघेही नाना आणि दोघेही बाळाजी! शिवाय 1857 सालचे नानासाहेब आहेतच. ते दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र धोंडोपंत. नुसते 'नानांचे पत्र' एवढेच कानावर आले, तर जाणत्याने आधी विचारावे, कोणते नाना, आणि साल कोणते?

आपल्याकडे आजोबा-पणजोबांचे नाव नातवाला ठेवायची चाल आहे, म्हणून ही कोडी जमतात. घरातला गेलेला माणूस नावाने परत यावा, ही त्यामागची माया. पण राजघराण्यात नावाबरोबर हक्कही येतो, आणि तिथे कोडे गमतीचे राहत नाही.

1707 सालची गोष्ट घ्या. औरंगजेब वारला आणि मोगलांच्या कैदेतून शाहूराजे सुटून आले. संभाजीराजांचा हा मुलगा. त्याचे जन्मनाव शिवाजी. इकडे महाराणी ताराबाईंनी गादीवर बसवलेला राजाराम महाराजांचा मुलगा, तोही शिवाजी. दोघे चुलतभाऊ, दोघांचे आजोबा एकच, आणि दोघांनाही त्या थोर आजोबांचेच नाव! ताराबाईंच्या पक्षाने म्हटले, हा आलेला शाहू खरा नव्हेच, तोतया आहे. आता किल्ली कशी लावायची? बापाचे नाव कोणीही सांगेल. शेवटी निवाडा माणसांच्या खात्रीवर आला. सेनापती धनाजी जाधवांची खात्री पटली, खेडच्या लढाईत ते शाहूंकडे आले आणि पारडे फिरले. धनाजींना वळवण्यात ज्यांचा हात होता, ते बाळाजी विश्वनाथ 1713 साली पेशवे झाले. आपल्या पहिल्या कोड्यातल्या आजोबांचे भाग्य असे एका ओळखपरेडीतून उघडले.

दुसरी गोष्ट पानिपतची. 14 जानेवारी 1761 रोजी तिथे सर्वनाश झाला. नानासाहेब त्या वेळी माळव्यात भेलशाकडे होते. त्यांच्या हाती एका सावकारी पत्रातला मजकूर पडला. तोही कोड्याच्याच भाषेत : दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुप्या-तांब्याची तर मोजदादच नाही. नानासाहेबांना अर्थ लावायला वेळ लागला नसेल. एक मोती त्यांचा स्वतःचा मुलगा विश्वासराव, दुसरा चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ.

पण या दुसऱ्या मोत्याबद्दल लोकांच्या मनातून शंका जाईना. भाऊ कुठे तरी जिवंत असतील, असे पुष्कळांना वाटे. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनीही आशा सोडली नव्हती. अशा आशेच्या जागीच तोतयाला वाट मिळते. 'मीच भाऊ' म्हणणारा एक इसम पुढे आला, पकडला गेला, रत्नागिरीच्या किल्ल्यात अडकला. 1776 साली तो तिथून बाहेर पडला, आणि पाहता पाहता कोकणातली ठाणी त्याच्या ताब्यात गेली. हजारो माणसे त्या नावामागे धावली. शेवटी तो सापडला, पुण्यास आणला गेला, आणि त्याच वर्षी त्याला देहान्त शासन झाले. तो कनोजी ब्राह्मण सुखनिधान, असे ठरले. त्या वेळी कारभार पाहत होते नाना फडणीस, जे पानिपतावर खऱ्या भाऊंबरोबर होते आणि तिथून जीव वाचवून परतले होते.

पाहा, एका नावाने राज्याचा धनी ठरतो, आणि त्याच प्रकारच्या दुसऱ्या एका नावाने माणसे फसून मरणाच्या दाराशी जातात. फरक नावात नाही. फरक आहे तो नावामागच्या चौकशीत : बाप कोण, साल कोणते, पाहिलेला माणूस कोण?

म्हणून मुलांना नावांची कोडी जरूर घाला. मात्र 'बाजीराव' एवढ्याच उत्तराला गुण देऊ नका. 'कोणाचा बाजीराव?' असे लगेच विचारा. ही सवय लहानपणी लागली, की पुढे कोणी मोठे नाव सांगत दाराशी आला, तरी पायांवर पडण्याआधी मूल त्याला तोच प्रश्न विचारील.