खवल्यांवरील कालगणना : योहान योर्ट यांचें मत्स्यसंशोधन

इतिहासाचीं साधनें म्हणजे कागदपत्रें, शिलालेख, ताम्रपट व नाणीं, अशी सामान्य समजूत आहे. परंतु ज्यावर काळाची खूण उमटली आहे आणि ती वाचण्याची रीत ज्याच्याबाबत ठरली आहे, तें सर्वच साधन होय. नॉर्वेचे शास्त्रज्ञ योहान योर्ट (१८६९–१९४८) यांच्या संशोधनांत माशाच्या खवल्यास दप्तराचें महत्त्व आलें. म्हणून त्यांच्या कार्याची ओळख आम्ही येथें करून देत आहों.

योर्ट यांचा जन्म क्रिस्तियानिया, म्हणजे आजचें ओस्लो, येथें झाला. १८९२ सालीं त्यांनीं म्युनिक येथें डॉक्टरची पदवी मिळविली. १९०० सालीं सरकारी मत्स्यसंशोधनाचीं सूत्रें त्यांच्या हातीं आलीं व त्याच वर्षीं ‘मिकाएल सार्स’ हें संशोधनाचें जहाज समुद्रांत उतरलें. १९०२ सालीं कोपनहेगन येथें सागरसंशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन झाली. तिच्या प्रवर्तकांपैकीं ते एक होत. १९०६ ते १९१६ पर्यंत ते मत्स्यखात्याचे संचालक होते. १९१० सालीं सर जॉन मरे यांच्या खर्चानें त्याच जहाजांतून उत्तर अटलांटिक महासागराची सफर झाली. तिचा वृत्तांत १९१२ सालीं दोघांच्या नांवें ग्रंथरूपानें निघाला.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. हेरिंग हा आपल्या तारलीच्या गणांतील मासा. स्वीडनच्या बोहुसलेन किनाऱ्यावर सुमारें १७४७ ते १८०९ पर्यंत त्याची लयलूट होती. नंतर तो नाहींसा झाला व १८७७ च्या सुमारास परत आला. असे चढउतार कां होतात ? थवे आपला मार्ग बदलतात, म्हणून मासळी कमीजास्त होते, असें मत त्या काळीं प्रचलित होतें. यास आधार तर्काचा होता. माशाचीच साक्ष कोणीं काढली नव्हती.

ती साक्ष खवल्यावर सांपडली. हिंवाळ्यांत माशाची वाढ थांबते व खवल्यावर वलय उमटतें. वलयें मोजलीं कीं वय कळतें. या रीतीचें जनकत्व कधीं कधीं योर्ट यांस देण्यांत येतें, तें बरोबर नाहीं. १८९८ सालींच हॉफबाउअर यांनीं कार्प माशाच्या खवल्यांवरून वय ओळखलें होतें. हेरिंगच्या बाबतींत क्नूट डाल व एइनार लेआ या नॉर्वेच्याच संशोधकांचे श्रम मोठे आहेत. योर्ट यांचें श्रेय निराळें आहे. एका माशाच्या वयावर न थांबतां त्यांनीं वर्षानुवर्षें हजारों खवले तपासविले आणि थव्यांत कोणत्या सालचे मासे किती, याची जणूं खानेसुमारीच केली.

तिचा निकाल आश्चर्यकारक होता. १९०४ सालीं जन्मलेली पिढी इतर पिढ्यांच्या मानानें अतिशय मोठी निघाली. १९१० सालीं किनाऱ्यावर अंडीं घालण्यास आलेल्या हेरिंगांत तीन चतुर्थांशाहून अधिक मासे याच एका पिढीचे होते. १९१३ सालींहि त्यांचें प्रमाण निम्म्याहून अधिक होतें. स्कॉटलंडच्या डार्सी थॉम्प्सन यांनीं या वलयांच्या विश्वसनीयतेविषयीं शंका घेतली. शंका घेणें हें संशोधकाचें कर्तव्यच होय. परंतु वाचनांत ठराविक चूक होत असती, तर ती दर वर्षीं त्याच वयाशीं दिसली असती. येथें मात्र तो उंचवटा दर वर्षीं एकेक वर्षानें पुढें सरकत गेला : १९१० सालीं सहा वर्षांचे, तर १९१३ सालीं नऊ वर्षांचे मासे अधिक. हा अंतर्गत पुरावा आम्हांस निर्णायक वाटतो.

१९१४ सालच्या आपल्या प्रबंधांत योर्ट यांनीं असें प्रतिपादिलें कीं, मासळीचे चढउतार मुख्यतः पिढ्यांच्या लहानमोठेपणामुळें होतात. हा लहानमोठेपणा जन्मानंतर लौकरच ठरत असावा. अंड्यांतील पोषक द्रव्य संपतांच पिलास बाहेरचें अन्न मिळालें नाहीं, किंवा प्रवाहानें त्यास दूर नेलें, तर पिढीच्या पिढी नष्ट होते, असें त्यांचें अनुमान होतें. यांतील पिढ्यांचा सिद्धांत आज सर्वमान्य आहे. कारणांचें अनुमान मात्र अपुरें ठरलें असून, मोठी पिढी कशी निपजते हें पूर्वीं सांगण्याची रीत अद्याप सांपडलेली नाहीं.

निसर्गांत चढउतार होतात, म्हणून जाळ्याचा दोष नाहीं, असा अर्थ मात्र कोणीं काढूं नये. १९६० नंतरच्या दशकांत यांत्रिक जाळीं व ध्वनियंत्रें यांच्या साहाय्यानें इतकी मासेमारी झाली कीं, नॉर्वेचा हेरिंगचा प्रचंड सांठा जवळजवळ बुडाला. कडक निर्बंध घातल्यावर १९८३ सालच्या मोठ्या पिढीनें तो सांवरला. अशी पिढी निपजावयास अंडीं घालणारे मासे उरावे लागतात. १९०४ ची पिढी निपजली, तेव्हां ते उरले होते.

योर्ट १९३८ पासून मृत्यूपर्यंत आंतरराष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष होते. त्यांच्या कार्यापासून आमच्या संग्राहकबंधूंनीं एवढा बोध घ्यावा. एक खवला कांहींच सांगत नाहीं. सालवार जपलेले हजार खवले बोलूं लागतात. बंदरांवरील जकातीच्या याद्या, मासळीच्या वजनाचे हिशेब व सुटे जमाखर्च हे असेच तुच्छ वाटणारे कागद होत. ते मिळाल्यास एखाददुसरा निवडून बाकीचे टाकूं नयेत. सालवार लावून सबंध जपावे, अशी आमची विनंति आहे.