सेल्युलोजच्या पृष्ठभागाचे मापन : एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक :
सरकी काढलेला कच्चा कापूस पाण्यावर तरंगतो; तोच कापूस कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात उकळून धुतला, तर काही सेकंदांत बुडतो. दोन्ही अवस्थांत तंतूचा मुख्य घटक सेल्युलोज हे नैसर्गिक बहुवारिकच असते. फरक पडतो तो तंतूवरील मेणाच्या अत्यल्प थरामुळे. पृष्ठभागाचे हे वर्तन अंकांत मांडण्याच्या प्रयत्नांचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

स्पर्शकोनाचे मापन :
घन पृष्ठभागावरील थेंबाचा स्पर्शकोन पृष्ठताणांच्या संतुलनावर अवलंबून असतो, असे थॉमस यंग यांनी १८०५ मध्ये प्रतिपादन केले. १८३८ मध्ये आन्सेल्म पायेन यांनी वनस्पतींच्या पेशीभित्तिकांतील सेल्युलोज हा स्वतंत्र पदार्थ असल्याचे दाखविले. तथापि यंग यांच्या विवेचनात पृष्ठभाग गुळगुळीत व एकजिनसी मानलेला आहे. कापसाचा तंतू मात्र पीळदार व सच्छिद्र असतो; त्यावरील थेंब कोन मोजण्यापूर्वीच शोषला जातो. वॉशबर्न यांनी १९२१ मध्ये केशनलिकेत द्रव शिरण्याच्या गतीचे समीकरण मांडल्यामुळे या अडचणीतून एक वाट निघाली. पुढे वेन्झेल यांनी १९३६ मध्ये खडबडीतपणाचा, तर कॅसी व बॅक्स्टर यांनी १९४४ मध्ये सच्छिद्रतेचा विचार या गणितात समाविष्ट केला.

पृष्ठफळाचा प्रश्न :
वायूच्या अधिशोषणावरून पृष्ठफळ काढण्याची पद्धत ब्रुनॉअर, एमेट व टेलर यांनी १९३८ मध्ये विकसित केली. या पद्धतीने नायट्रोजन वापरून मोजल्यास कोरड्या कापसाचे पृष्ठफळ प्रतिग्रॅम सुमारे १ चौरस मीटर येते. पाण्याच्या वाफेने मोजल्यास ते १०० चौरस मीटरहून अधिक भरते. वाळताना तंतूतील सूक्ष्म छिद्रे मिटतात व नायट्रोजन बाहेरच राहतो. पाण्याचे रेणू मात्र हायड्रॉक्सिल गटांशी बंध जोडून तंतू फुगवितात आणि आत प्रवेश करतात.

निष्कर्ष :
यांपैकी कोणताही आकडा चुकीचा नाही. प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. सेल्युलोजचा पृष्ठभाग कोणत्या द्रवाने वा वायूने तपासला, नमुना कसा धुतला व वाळविला, यांवर मापन अवलंबून असते. म्हणूनच या नोंदींविना प्रसिद्ध केलेल्या आकड्यांची परस्पर तुलना करणे शास्त्रीयदृष्ट्या समर्थनीय ठरत नाही. विद्यार्थ्यांच्या प्रयोगवहीत उत्तराइतकेच महत्त्व या नोंदींना मिळणे आवश्यक आहे.